पान नऊ

शनिवार, संध्याकाळचे सहा. मोहननगर.
चर्चमागच्या हॉलची भिंत अजून तापलेली,
पाठ टेकवत नाही कुणी.
कूलर वाळ्याचा वास फेकतो आणि आवाज,
आवाजच जास्त.

पुस्तिका नॉर्वेहून आली आहे.
मराठीत ती पुण्यात झाली,
म्हणून तिच्यातला तरुण
"मला अतिशय एकाकी वाटत आहे"
असं पूर्ण वाक्यात बोलतो.
पोरं हसतात. हसू देते.

पान नऊवर चित्र: पलंग, दिवा,
खिडकीत बर्फ, पायाशी कुत्रा,
आणि गुडघ्यांवर एक मुलगा,
केस वाळ्याच्या रंगाचे.
खाली सूचना: रोज दहा मिनिटं
स्वतःच्या खोलीत जा, दार लावून घे.
त्याखाली प्रश्न: तुझी खोली कशी आहे?

मी मोठ्यानं वाचला आणि मग वर पाहिलं.

प्रणोती उजागरे म्हणाली, खोली म्हणजे?
खलाशी लाइनमध्ये त्यांचं घर,
पाच माणसं, एक शिलाई मशीन,
आणि सगळ्यांत उशिरा मशीन झोपतं.
अनुपा तिर्की, जशपूरची, नर्सिंगला;
होस्टेलात तिच्या वाट्याला वरचा पलंग
आणि पडद्यासारखी खोचलेली एक ओढणी.
बराका टांझानियाचा. फार्मसी, दुसरं वर्ष.
तो हिंदीत म्हणाला, आमच्या गावात
पोरगं दार लावून एकटं बसलं
तर आजी शेजाऱ्यांना हाक मारते,
या रे, बघा याला काय झालं.
आणि एटापल्लीचा एलिया मडावी,
तीन महिन्यांत दोनदाच बोललेला,
म्हणाला, आमच्याकडे दारच नाही व मावशी.
टाटी हाय. टाटी लावत नसतेत,
टेकवून ठेवतेत.

मला म्हणता आलं असतं, खोली म्हणजे अंतःकरण.
असं म्हणणारे वक्ते मी पुष्कळ ऐकलेत,
त्यांच्या घरी पाहुण्यांचीसुद्धा खोली असते.
मी म्हणाले, पोहे आलेत, खाऊन घ्या.
तर्री संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

घरी आले. माझ्याकडे खोली आहे.
ओबेद कॅनडाला गेल्यापासून एक जास्तीचीही,
तिच्यात मी पापड वाळवते.
पापड सरकवले, दार लावलं,
दहा मिनिटं, घड्याळ समोर ठेवून.
देवाशी काय बोलले ते माझं मला,
पण सातव्या मिनिटाला उठून
गॅस बंद आहे का बघून आले.

आता रविवारी दुपारी, तीन ते पाच,
हॉलची किल्ली माझ्याकडे असते.
मी बाहेर कडुलिंबाखाली खुर्ची टाकते.
आत एकच जण. वीस मिनिटं.
कडी आतून.
पाळकसाहेबांनी विचारलं, आत करतात काय?
म्हटलं, दार लावतात.

प्रणोती गणिताचं पुस्तक घेऊन जाते.
अनुपा बाहेर येते तेव्हा तोंड ओलं असतं,
पण मे महिना आहे, सगळ्यांचंच असतं.
बराका पाच मिनिटांत परत,
माझ्याशेजारी दुसरी खुर्ची ओढतो,
अकेले नहीं होता, मावशी.
दाराला त्यांच्यात म्लांगो म्हणतात.
मी त्याला टाटी शिकवते.
त्याची टाटी अजून ताटीच होते.

एलिया झोपतो.
कूलरच्या वर त्याचं घोरणं ऐकू येतं.
चार भाऊ, दोन बकऱ्या आणि दारावाचूनचं घर
सोडून आलेलं पोर,
कडी लावून पसरलंय सतरंजीवर.
वीस मिनिटं होतात, तीस होतात,
मी वाजवत नाही.

नॉर्वेहून फॉर्म आलाय भरायला.
प्रश्न चौथा: या सत्रानंतर
किती तरुणांनी निर्णय घेतला?
रकाना कोराच ठेवलाय.
एलिया उठला की विचारीन.